सुटलं

"अजून वर ने," नायकवडी काका म्हणाले. "भिऊ नको, वर कुणी ऱ्हात न्हाई."

मी विमान वर नेलं. ऊन कलतं झालं होतं. माळावर काका, मी आणि लांब चरणाऱ्या म्हशी सोडल्या तर चिटपाखरू नव्हतं.

"आता इंजिन कमी कर. आन् नाक वर ओढत ऱ्हा. हळू. हवा सोडंल तवर ओढायचं."

हातातल्या रिमोटवरची, अंगठ्याखालची काडी मी स्वतःकडं ओढत गेले. विमानाचा वेग मोडला, नाक वर झालं, आणि क्षणभर ते आभाळात टांगल्यासारखं दिसलं. मग डावा पंख खाली गेला. हळूहळू झुकला वगैरे काही नाही. दाराची बिजागरी निखळावी तसा गेला. विमान उताणं झालं आणि गिरक्या घेत जमिनीकडं यायला लागलं.

"काडी सोड! सोड म्हन्तो न्हवं! वेग घिऊ दे त्याला!"

घाबरलेला हात काही सोडत नसतो, तो आवळतो. काकांनी मनगटावर चापट मारली तेव्हा कुठं माझा अंगठा निघाला. विमानाच्या गिरक्या थांबल्या, त्यानं खाली सूर मारला आणि म्हशींच्या पाठीवरून कसंबसं सरळ झालं. म्हशींनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र विमान उतरवून तिथंच दगडावर बसले.

विमान उडवणारी पोरगी म्हणजे मोठी धीट असणार, असं लोकांना तेव्हा वाटायचं आणि अजूनही वाटतं. मी जन्माची भित्री. कॉलेजात एन.सी.सी.च्या एअर विंगला नाव घातलं ते मैत्रिणीच्या नादानं. मैत्रीण दोन परेडींत पळाली आणि मी अडकले. तिथं उडवायला दिलेलं पहिलं छोटं विमान मी मोडून घरी आणलं, अण्णांनी ते न बोलता जोडलं, आणि जोडता जोडता चटक लागली ती त्यांना. अण्णा फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाची जी वस्तू ओतायची तिचा हुबेहूब नमुना आधी लाकडात करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात. तो नमुना करणारा सुतार म्हणजे पॅटर्नमेकर. त्यानंतर माझी सगळी विमानं त्यांनीच केली. माळावर मात्र ते कधी आले नव्हते. रविवारीसुद्धा फाउंड्री सुटायची नाही, आणि सुटली तरी म्हणायचे, "मी केलेली वस्तू तू आपटताना मला बघवायची न्हाई."

हे लाल-पांढरं विमान त्यांनी केलेलं सगळ्यांत मोठं. कसरतीचं. गोल घ्यायचं, उलटं होऊन उडायचं, पाठीवर पडून माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या विमानांच्या क्लबचा कार्यक्रम दर वर्षी त्याच दिवशी असतो, कारण कारखाने बंद, हत्यारं पूजेला, आणि माणसं मोकळी.

काकांनी पंखावरून हात फिरवला. टोकाशी येऊन थांबले.

"मी दिलेल्या ड्रॉइंगात पंख असा हुता?"

"सरळ होता. अण्णा म्हणाले, पाटासारखा दिसतोय."

"पाटच पायजे हुता." काका उभे राहिले आणि दोन्ही हात आडवे पसरले. हवाई दलातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण समजावायला लागला की शाळामास्तर व्हायचा. "हे बघ. नाक लई वर काढलं की हवा पंखाला धरून ऱ्हात न्हाई, सुटती. सरळ पंखाची आधी हितं सुटती, काखेत. बोटं धरून असत्यात. मग इमान नुसतं बसतं खाली, म्हातारं माणूस बसल्यागत. पण पंख टोकाकडं निमुळता केला, त्यात टोक पातळ केलं आन् पंखाच्या फुडच्या कडंला धार काढली, तर आधी बोटं सुटत्यात. आन् दोन्हीकडची एकाच टायमाला कवा सुटत न्हाईत. एक सुटतं. त्या अंगावर पलटी."

"टोकं जरा खाली पिळली तर? शिकायच्या विमानाला होतं तसं?"

"सुलटं हाय तवर बरं. उलटं उडवलंस की त्योच पीळ उरावर बसतोय. कसरतीच्या इमानाला पीळ चालत न्हाई, पंखाचा आकारच नीट पायजे." त्यांनी हात खाली केले. "आज टोकाची धार मार. कानस घिऊन पंखाची फुडची कड बोथट कर. पुरतं निस्तरणार न्हाई, पण गुण येईल. न्हाईतर उद्या उडवू नको वैजू. वर हाय तवर ठीक. खाली माणसं असत्यात."

खाली माणसं असतात हे मला कुणी सांगायला नको होतं. वर्षभरापूर्वी क्लबातल्या एकाचं विमान असंच एका अंगावर पलटलं आणि उभ्या स्कूटरच्या सीटमधून आरपार गेलं. स्कूटरचा मालक नुकताच उतरून पाणी प्यायला गेला होता. तेव्हापासून काकांनी माळावर नियम केला. विमान कुणाच्या हातातून गेलं की त्यानं "सुटलं!" असं जिवाच्या आकांतानं ओरडायचं, आणि तो शब्द ऐकला की असेल त्यानं असेल तिथं पालथं पडायचं, दोन्ही हात डोक्यावर. थट्टेतसुद्धा तो शब्द माळावर कुणी काढायचा नाही. दर कार्यक्रमाआधी काका सगळ्यांना एकदा पालथं पाडून दाखवायचे.

घरी आले तर सोप्यात सतरंजीवर अण्णांची हत्यारं मांडून झाली होती. रंधे, पटाश्या, कानशी, सगळी तेल लावून चकचकीत. अण्णा मधोमध जागा ठेवून बसले होते.

"आण ते हिकडं. इमानपण पूजंला बसवायचं."

"अण्णा, काका म्हणत होते टोकं पातळ झालीत. जरा कानस मारायला पाहिजे."

"आज?" अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी देवाच्या ताटातला लाडू मागितला होता. "हत्यारं धुऊन मांडलीत. आता दसऱ्यापतोर हात लावायचा न्हाई."

"पॉलिश पेपरनं घासू?"

"त्येबी हत्यारच. आन् टोकाला झालंय काय? बघ की कसा उतार आलाय." त्यांनी पंखावर अंगठा ओढला, मुळापासून टोकापर्यंत. "उताराबिगर वस्तू वाळूतनं सुटत न्हाई, वैजू."

"हे कुठं वाळूत घालायचंय?"

"ते ह्या हाताला सांग," म्हणून ते हसले.

मी विमान सतरंजीवर ठेवलं. आई म्हणायची, अण्णांना रागावलेलं बघवतं, हिरमुसलेलं बघवत नाही. शिवाय त्या दिवशी त्यांनी एक बातमी सांगितली. उद्या ते माळावर येणार होते. आणि एकटे नाही, भरमाकाकांना घेऊन.

भरमाकाका फाउंड्रीत मोल्डर. अण्णांनी केलेला नमुना वाळूत दाबायचा आणि साचा न मोडता अलगद वर काढायचा, हे त्यांचं काम. सकाळी पूजेला ते आमच्याकडं आले. हळद-कुंकू लावलेला पंख त्यांनी दोन्ही हातांनी सरळ वर उचलला, डोळ्यांसमोर धरला आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

"आनंदा, ह्याला ठोकायलाबी लागणार न्हाई. नुसता उचलला की सुटलं!"

फाउंड्रीत याहून मोठी शाबासकी नाही. लहानपणी डबा द्यायला गेले की मी बघत उभी राहायची. भरमाकाका नमुना उचलायला लागले की सगळं खातं श्वास धरायचं. वाळू न ढासळता तो वर आला की सगळे एकदम "सुटलं!" म्हणून ओरडायचे आणि चहा यायचा. अण्णांचा चेहरा त्या सकाळी असा फुलला होता की मी तोंडाला कुलूप घातलं. वेगात उडवीन, हळू वळवीन, नाक वर ओढणारच नाही, असं मनाशी घोकत मी माळावर गेले.

माळावर सगळ्यांना पालथं पाडून झालं, कार्यक्रम सुरू झाला, तरी अण्णा आले नव्हते. पूजेचा नैवेद्य, मग कुणाकुणाकडं पान-सुपारी; मला वाटलं, राहिलं असेल. खरं सांगते, बरं वाटलं. काका माझ्या शेजारी उभे राहिले.

"कानस मारलीस?"

"हत्यारं पूजेला होती."

काकांनी सुस्कारा सोडला. ते स्वतः नमाजी माणूस, पण खंडेनवमीपुढं त्यांचंही काही चालत नव्हतं. "मग वेग सोडू नको," एवढंच म्हणाले.

विमान छान उडालं. गोल झाले. पाठीवर पडून ते लोकांसमोरून गेलं तेव्हा टाळ्या वाजल्या, आणि माझे तळहात घामानं असे चिकट झाले होते की काडी निसटेल असं वाटत होतं. शेवटची उभी चढण घेतली. वर गेलं, गेलं, आणि इंजिन खोकलं. दोनदा. मग बंद.

एवढ्या आवाजानंतरची ती शांतता भयंकर असते. माळावरचं सगळं ऐकू येतं. एखाद्या बाईच्या बांगड्यासुद्धा.

"नाक खाली," काका हळू म्हणाले. "लांबनं वळव. बांधावरनं आत आण."

मी लांबून वळवलं. पश्चिमेच्या बांधापलीकडून ते माझ्याकडं तोंड करून येऊ लागलं. इंजिन नसलेलं विमान दगडच, फक्त जरा सभ्य. ते वाटलं त्याहून लवकर खाली यायला लागलं. अजून थोडं, बांध ओलांडू दे, असं म्हणत माझ्या अंगठ्यानं मला न विचारता काडी मागं ओढली.

डावा पंख हलला. कालच्यासारखाच.

मी अंगठा झटकन सोडला. पंख वर आला, पण विमान आणखी खाली आलं होतं, आणि माझ्या तोंडातून शब्द निघून गेला होता. "सुटलं! सुटलं!"

माझ्या मागं सगळा माळ धपाधप आडवा झाला. बायका, पोरं, आमदाराचे पाहुणे, सगळे. आणि समोर, बांधावर, जिथं कुणी असायलाच नको होतं, तिथं बाभळीच्या सावलीतून दोन माणसं उभी राहिली.

अण्णा आणि भरमाकाका. मागच्या पाणंदीनं उशिरा आले होते आणि दिसेल तिथं बसले होते. नियम त्यांना कुणी सांगितला नव्हता. त्यांना फक्त शब्द ऐकू आला होता. पोरगी ओरडली, सुटलं. म्हणजे जमलं. म्हणजे वस्तू साच्यातून देखणी निघाली. दोघं बांधावर ताठ उभे राहिले, दोघांनी हात वर केले, आणि अण्णाही ओरडले, "सुटलं!"

इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.   बसलेले असते तर विमान वरून गेलं असतं. आता बांधापाशी पोचेपर्यंत ते उभ्या माणसाच्या छातीइतकं खाली येणार होतं. उजवीकडं ऊस होता. उसात घातलं असतं तर कुणाच्या केसाला धक्का लागला नसता. पण वळवलं की आतलं टोक सुटणार. ओढलं की डावं टोक सुटणार. दोन्हींत ते पलटी खाऊन नेमकं त्या दोघांवर पडणार होतं, स्कूटरच्या सीटवर पडलं होतं तसं.

"झोपा! आरं झोपा!" काका ओरडत धावले. अण्णांनी त्यांना हात हलवून दाखवला.

वेग पाहिजे होता. आणि वेग एकाच ठिकाणी मिळतो, खाली. नाक खाली दाबायचं. म्हणजे अण्णांवर रोखायचं.

मी दाबलं. माझ्या बापाकडं बघत मी विमानाचं नाक त्याच्या पायांवर रोखलं. ते सुसाट निघालं. पंखावरून वाऱ्याची शीळ यायला लागली. अण्णा हसत होते. त्यांचे वर केलेले हात, पूजेसाठी घातलेली कोरी टोपी, गंध, सगळं मला दिसत होतं. एवढ्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, तरी दिसत होतं. आता, असं वाटलं. नाही. अजून नाही. आई आठवली. देव आठवला नाही. मग मी काडी मागं घेतली, जराशी, पंख मागेल तेवढीच.

विमान वर आलं. दोन्ही टोकं धरून राहिली.

ते अण्णांच्या डोक्यावरून गेलं आणि त्यांची टोपी गेली. पुढं ते माळावर कुठं आपटलं ते मी पाहिलं नाही. मी बांधाकडं बघत होते. अण्णा उभे होते, बोडक्या डोक्यानं, हात अजून वर.

ते टोपी झटकत माझ्याकडं चालत आले. टोपीवर चाकाचा काळा पट्टा होता.

"काय सुटलं गं पोरी! टोपी उडवायची कसरतबी शिकलीस व्हय?"

मी त्यांच्यावर किंचाळले. काय बोलले ते आठवत नाही; झोपला का नाहीत, उभे का राहिलात, असलंच काहीतरी. चारचौघांत बापावर ओरडणारी मुलगी आमच्याकडं तेव्हा नवलाची होती. मग मी त्यांच्याच पायाशी बसून रडायला लागले.

"आनंदराव," काका धापा टाकत म्हणाले, "हितं सुटलं म्हंजे हातातनं गेलं. मानूस मरंल, आडवं व्हा, म्हनून वरडत्यात."

अण्णांचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसतं, मालक निघून गेलेल्या घरासारखं. भरमाकाका मटकन खाली बसले. अण्णा मोडलेल्या विमानापाशी गेले, एक पंख उचलला आणि टोकावर अंगठा ओढला. मागं आले. पुन्हा ओढला.

"ह्यानं?"

काकांनी मान हलवली.

"मी न्हाई दिला उतार," अण्णा म्हणाले. "हातानं दिला." मग त्यांनी विडी काढली. काड्यांमागून काड्या मोडल्या, पण पेटेना. शेवटी काकांनी पेटवून दिली.

दसरा झाल्यावर त्यांनी नवा पंख करायला घेतला. ड्रॉइंग समोर टांगून, दर रंध्यागणिक मापत, स्वतःच्या हातावर पहारा ठेवून. टोकाला मुळाइतकाच रुंद, पुढची कड गोल आणि बोजड. "वंगाळ दिसतंय," असं रोज म्हणायचे आणि रोज करायचे. भरमाकाका बघून गेले. त्यांनी जीभ टाळ्याला लावली नाही.

चाचणीला अण्णा माळावर आले. मी इंजिन सुरू करायच्या आधीच ते पालथे पडले, दोन्ही हात डोक्यावर. काका म्हणाले, अहो अजून उडालं नाही. अण्णा म्हणाले, असू द्या. मी विमान उंच नेलं, इंजिन कमी केलं आणि नाक ओढत गेले.  विमान थांबलं, थरथरलं, आणि पंख न झुकवता तसंच खाली बसत आलं.

कोपराखालून आवाज आला. "सुटलं?"

"नाही अण्णा. धरून आहे."

ते थोड्या वेळानं उठले आणि अंगावरचं गवत झटकलं. फाउंड्रीत मात्र तो शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही, असं भरमाकाका सांगायचे. नमुना कितीही देखणा निघाला तरी ते नुसतं "आलं" म्हणायचे.

लाकडाची धूळ आणि वाळू त्यांच्या छातीत साठत गेली होती. शेवटचं वर्ष त्यांनी उशीला टेकून बसल्या बसल्या काढलं. एका सकाळी मी चहा घेऊन आत गेले. हौसाआत्या, त्यांची थोरली बहीण, त्यांचा हात मांडीवर घेऊन बसली होती. भरमाकाका दारात उभे होते. आत्यानं अण्णांच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं.

"सुटलं बाई माझं लेकरू," ती म्हणाली.

कप कुठं गेला मला माहीत नाही. मी तिथंच पालथी पडले, फरशीवर, दोन्ही हात डोक्यावर. शेजारच्या बायका म्हणाल्या, पोरीनं अंग टाकलं, पाणी आणा. एकट्या भरमाकाकांना कळलं. गुडघे धरलेला म्हातारा माणूस, भिंतीचा आधार घेत कसाबसा माझ्या शेजारी आडवा झाला, आणि त्यानंही दोन्ही हात डोक्यावर ठेवले.